मदत हवी आहे: एसटीसी-१०००चा ‘कूल’ दिवा लागतो, पण फ्रीज ढिम्म

लेस्टरकर
घरी बिअर आंबवायला जुना छोटा फ्रीज घेतलाय, त्याला एसटीसी-१००० हा तापमान सांभाळणारा कंट्रोलर जोडला. आकडा २६ दाखवतो, सेट १९ वर केलाय. ‘कूल’चा दिवा लागतो, आतून टिक् आवाजही येतो, पण फ्रीज चालू होत नाही. तोच फ्रीज थेट सॉकेटला लावला की मस्त चालतो. कंट्रोलर बाद आहे का? काल रात्री बादलीत यीस्ट टाकलंय आणि तापमान चढतंय. लवकर सांगा.

आकाशकंदील
कुठल्या टर्मिनलला काय जोडलंय ते लिहा. फोटो टाकलात तर उत्तम. कंट्रोलर २२० व्होल्टचाच आहे ना? दिसायला हुबेहूब तसाच १२ व्होल्टचाही मिळतो.

लेस्टरकर
२२०चाच आहे, वर लिहिलंय. जोडणी नीट आहे, पुन्हा तपासली.

फेसाळ
एवढा खटाटोप कशाला? नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या. त्यातलं व्हॉस ३५ अंशांनाही झकास आंबवतं. मी फ्रीज कधीच विकून टाकला.

मिरजमळा
अहो, त्यांनी यीस्ट आधीच टाकलंय. धागा वाचा तरी! बाकी मी म्हणेन इंकबर्डचा आयटीसी-३०८ हा तयार कंट्रोलर घ्या. पिन लावा, झालं. वायरी कापायची भानगडच नाही.

ह्यूस्टनचा_दादा
काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल. उलटी लागली असणार.

पेठेतला_वायरमन
काहीही काय! काळी न्यूट्रल असते, लाल फेज. टेस्टर लावून बघा.

आकाशकंदील
दादा, ते अमेरिकेत. वायरमन, ते आपल्याकडे. प्रश्न इंग्लंडमधल्या लेस्टरचा आहे. तिथल्या लवचीक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. रंगांवरून असे सल्ले देऊ नका, जिवावर बेतेल.
लेस्टरकर, ७ आणि ८ या ‘कूल’च्या टर्मिनलांत नेमकं काय आहे?

लेस्टरकर
फ्रीजच्या दोन वायरी. तपकिरी ७ ला, निळी ८ ला. अजून काय असणार?

आकाशकंदील
इथेच घोळ आहे, कंट्रोलर ठणठणीत आहे. ७-८ मधून वीज बाहेर येत नाही. तो आत बसवलेला नुसता स्विच आहे, टिक् आवाज त्या रिलेचा. १ आणि २ ला दिलेली वीज फक्त कंट्रोलर स्वतः वापरतो.
आधी पिन सॉकेटमधून काढा. मग १ वरच्या फेजमधून ७ ला लूप (जोडणारी छोटी वायर) घ्या (१ ला तपकिरीच आहे ना, बघून घ्या). ८ मधून फ्रीजची तपकिरी. फ्रीजची निळी कंट्रोलरच्या स्विचमध्ये नकोच, ती सरळ येणाऱ्या न्यूट्रलला कनेक्टरने जोडा. अर्थिंग न तोडता फ्रीजपर्यंत न्या. लूपची वायर फ्रीजच्या वायरीइतकीच जाड हवी.

लेस्टरकर
केलं. आता दिवा लुकलुकतोय आणि फ्रीज अजूनही बंद!

पेठेतला_वायरमन
थांबा जरा. कंट्रोलरमधली एफ३ सेटिंग म्हणजे कॉम्प्रेसरचा डिले, सुरू होण्याआधी थांबायचा वेळ; मुळात ३ मिनिटांवर असतो. तेवढा वेळ दिवा लुकलुकतो. तो कमी करू नका, कॉम्प्रेसर लगेच लगेच सुरू-बंद झाला तर जळतो. फ्रीजचा स्वतःचा नॉब मात्र सर्वांत थंडवर ठेवा.

लेस्टरकर
चालू झाला!! आभार. सेन्सर फ्रीजच्या जाळीला लटकवलाय, चालेल ना?

मिरजमळा
चालेल, माझा तसाच आहे.

फेसाळ
अजिबात नाही. आंबताना बिअर स्वतः तापते, हवेपेक्षा काही अंश जास्त. हवा १९ दाखवेल आणि यीस्ट २३ला बसलेलं असेल. बादलीच्या अंगाला, बिअरच्या पातळीखाली, टेपने चिकटवा. वरून स्पंजचा जाड तुकडा लावा.

आंबट_गोड
अवांतर: पुण्यात असं घरी करता येईल का? चिकूची वाईन करायचीय.

आकाशकंदील
नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं-बनवणं गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये घरच्यापुरत्या बिअरसाठी परवाना घ्यायची अट १९६३ मध्येच रद्द झाली, विकायची मात्र नाही.
लेस्टरकर, सेन्सरबद्दल फेसाळ यांचं ऐका. आणि कंट्रोलर उघडाच असेल तर आज प्लास्टिकच्या बंद डब्यात बसवा, वायरी आत शिरतात तिथे ग्रिप लावा. बिअर सांडतेच.

लेस्टरकर
डबा आणायला निघालोय. ५-६ ला हीटर लावायचा तर तिथेही असाच लूप ना?

पेठेतला_वायरमन
हो, तसाच. १ मधून ५ ला, आणि ६ मधून हीटर.