शब्दचर्चा : लूक 11:8 मधला 'आग्रह'

प्रश्न : रविवारी चर्चमध्ये बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायावर बोलायचं आहे. घरी आलेल्या पाहुण्यासाठी मध्यरात्री मित्राच्या दारी तीन भाकरी उसन्या मागणाऱ्या माणसाचा दृष्टान्त. त्याच्या 'आग्रहामुळे' मित्र उठतो, असंच वाचत आलोय. पण आग्रह म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पंगत येते आणि "एक तरी घ्याच" म्हणत जिलेबी वाढणारे मामा. मूळ शब्द काय आहे?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द 'अनाइदेइआ'. 'आइदोस' म्हणजे लाज, भीड; ती नसणं म्हणजे अनाइदेइआ. नव्या करारात हा शब्द या एकाच ठिकाणी येतो. ग्रीकांच्या तोंडी तो चांगला नव्हता. होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात योद्धा अकिलीस सेनापती अगामेम्नॉनला 'निर्लज्जपणा पांघरलेला' म्हणतो. लॅटिन बायबलातला 'इम्प्रोबितास'ही तसाच कडू.

पंगतीचं तुम्ही नेमकं पकडलंत. आपल्याकडे आग्रह वाढणारा करतो, मागणारा नाही. आणि हा तर भलत्या वेळी मागतोय, आतली पोरं निजलेली, दाराला अडसर.

दुसरे वाचक : मग 'चिकाटी' म्हणा की. प्रार्थनेच्या संदर्भात तोच अर्थ सांगतात.

उत्तर : 5 ते 8 ही वचनं पुन्हा वाचा. तो दुसऱ्यांदा हाक मारतो असं कुठे लिहिलंय? चिकाटी आहे ती 18व्या अध्यायातल्या विधवेची. ती न्यायाधीशाकडे येतच राहते. तिथलं क्रियापद तर मुष्टियुद्धातलं, शब्दशः 'डोळ्याखाली ठोसा मारणे'. 'जेरीस आणणे' तिथे फक्कड बसतं. इथे मात्र लोक काय म्हणतील याची पर्वा नसणं महत्त्वाचं. 'लोचटपणा' किळसवाणा वाटतो, 'कोडगेपणा' शिव्या खाऊन सरावलेल्याचा. 'निर्भीड' वर्तमानपत्रांनी पळवला. मी 'भीड न धरता' म्हणेन. 'भीड भिकेची बहीण' म्हणणाऱ्या भाषेत भाकरी मागणाऱ्याला हे शोभतं.

दुसरे वाचक : पटलं. येशूला हाका मारणारा यरीहोचा आंधळा बार्तीमय आठवला. लोक गप्प बस म्हणून दटावतात तसा तो आणखीच ओरडतो. (हिंदीत भीड म्हणजे गर्दी. बिचाऱ्याला दोन्ही भिडा मोडाव्या लागल्या!)

प्रश्नकर्ता : आणि जुन्या करारातली, मुलासाठी मंदिरात प्रार्थना करणारी हन्ना? ती ओरडत नाही. नुसते ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यायलीय.

उत्तर : तीही भीड न धरणारीच. याजकानं हटकल्यावर ती उठून जात नाही, "मी द्राक्षारस प्यायलेले नाही" असं अदबीनं सांगते. 'धिटाई' शब्द तिथे वापरावा. बार्तीमयाला तो अपुरा पडेल. जनाबाईची जातकुळी हीच, डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारी जाईन म्हणणारी.

एक पाचर मात्र राहते. काही अभ्यासक म्हणतात, लाजेचा प्रश्न मागणाऱ्याचा नाही, झोपलेल्याचा आहे. पाहुण्याला गाव उपाशी ठेवतं असं सकाळी कुणी म्हणू नये म्हणून तो उठतो. ग्रीकमधलं 'त्याच्या' दोघांनाही लागू पडतं. मला मागणाऱ्याचाच अर्थ बरोबर वाटतो, कारण लगेच पुढे 'मागा', 'शोधा', 'ठोका' येतं. पण रविवारी कुणी हा मुद्दा काढलाच, तर "मला कुणी सांगितलं नव्हतं" म्हणू नका.