'सांधा' की 'जोडणी'? प्रीकास्ट भिंत आणि जमिनीवरचा स्लॅब

प्रश्न : प्रीकास्ट पॅनल (आधीच ओतून तयार केलेली काँक्रीटची भिंत) उभारणीच्या सूचना मराठीत लिहितो आहे. 'कनेक्शन' आणि 'जॉइंट' दोन्हींना 'सांधा' चालेल का? आणि 'स्लॅब-ऑन-ग्रेड'ला नुसतं 'स्लॅब'?

उत्तर : नुसतं 'स्लॅब' नको. 'स्लॅब टाकला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छतच येतं. 'जमिनीवरचा स्लॅब' लिहा. 'कोबा'ही नको, तो वरचा पातळ थर.

'सांधा'चं प्रकरण जास्त गंभीर आहे. पॅनलमधून काढलेल्या सळया स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पुरल्या, किंवा दोन्हींत बसवलेल्या लोखंडी प्लेटा वेल्ड केल्या, तर ती जोडणी. वाऱ्याचा, भूकंपाचा आडवा जोर तिच्यातून स्लॅबमध्ये उतरतो. याउलट मध्ये दबणारी फिलर पट्टी ठेवून स्लॅब भिंतीपासून सुटा ठेवला, तर तो विलग सांधा. एकीकडे बांधायचं, दुसरीकडे मोकळं सोडायचं. दोन्हींना एकच शब्द दिला तर सळया नको तिथे पडतील.

– पण 'सांधणे' म्हणजे जोडणेच ना?

– क्रियापद तसंच आहे, मान्य. पण 'सांधे भरून घ्या' म्हटल्यावर गवंडी फटच भरतो. नामाचा अर्थ फटीकडे झुकलाय.

– 'पोअर स्ट्रिप'ला काय म्हणता? 'ओत-पट्टी' वाचून हसू आलं.

– 'मागाहून भरायची पट्टी'. लांब आहे, पण काम सांगते. पॅनललगत साधारण एक-दीड मीटर स्लॅब आधी टाकतच नाहीत. पायाच्या खड्ड्यात भराव घालून नीट दाबायला जागा मिळते, आणि तोवर उरलेला स्लॅब वाळून बराचसा आकसतो. मग पट्टी भरून पॅनलच्या सळया तिच्यात घ्यायच्या. आधीच चारही बाजूंनी भिंतींना घट्ट बांधलेला स्लॅब आकसायला गेला की तडकतो, विशेषतः कोपऱ्यांशी. म्हणून 'मागाहून' हा शब्द गाळू नका.

– 'डॉवेल'ला, म्हणजे काँक्रीटच्या दोन भागांत अर्धी-अर्धी बसणाऱ्या सळईला, 'खुंटी' लिहिलंय, चालेल?

– सुतारकामात चालेल, इथे नाही. फरसबंदीतला डॉवेल गुळगुळीत असतो. त्याचं एक टोक काँक्रीटला चिकटू देत नाहीत, म्हणजे स्लॅब त्याच्यावरून सरकतो आणि वरखाली मात्र होत नाही. पॅनलच्या नकाशात मात्र 'डॉवेल' लिहून बऱ्याचदा कंगोरेदार सळई दाखवलेली असते, आणि ती दोन्हीकडे घट्ट धरते. नकाशात सळईचा प्रकार पाहा आणि 'गुळगुळीत डॉवेल' किंवा 'कंगोरेदार सळई' असं पूर्ण लिहा.