मदत हवी आहे : पाऊल उचलण्याआधी खुब्याच्या सांध्यावरचा भार अवाजवी का येतो आहे?

नमस्कार. खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमुळे ज्यांच्यावर कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे अशा रुग्णांच्या चालीवर मी संशोधन करते आहे. आमच्या गटातील शल्यचिकित्सकांचा प्रश्न नेमका आहे : कृत्रिम सांधा बसवताना मांडीच्या हाडाचा ऑफसेट (खुब्याच्या केंद्रापासून हाडाच्या लांब अक्षापर्यंतचे बाजूचे अंतर) काही मिलिमीटरने वाढवला किंवा कमी केला, तर चालताना सांध्यावर येणाऱ्या भारात किती फरक पडेल? जिवंत माणसाच्या सांध्यातील भार थेट मोजायचा तर संवेदक बसवलेला कृत्रिम सांधाच हवा, आणि तो जगात फारच थोड्या रुग्णांना बसवलेला आहे. त्यामुळे मला ओपनसिम या शरीराच्या हालचालींचे मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील सिम्युलेशनचा आधार घ्यावा लागतो आहे. माझी शाखा अभियांत्रिकीची नसून भौतिकोपचाराची आहे, म्हणून काही प्रश्न प्राथमिक वाटल्यास कृपया समजून घ्यावे.

कामाची पद्धत थोडक्यात अशी आहे. गेट २३९२ हे सांगाडा व स्नायूंचे तयार मॉडेल प्रत्येक व्यक्तीच्या मापांनुसार स्केल केले आहे. पेल्व्हिसच्या (कमरेच्या हाडाच्या) बाबतीत रुंदीसाठी पुढच्या दोन हाडी टोकांवरचे, म्हणजे एएसआयएसवरचे, मार्कर (कॅमेऱ्यांसाठी त्वचेवर चिकटवलेल्या खुणा) वापरले आणि खोलीसाठी पुढच्या व मागच्या मार्करमधील अंतर वापरले. त्यानंतर इन्व्हर्स कायनेमॅटिक्स (मार्करवरून सांध्यांचे कोन काढणे), इन्व्हर्स डायनॅमिक्स (त्यावरून सांध्यांचे मोमेंट, म्हणजे वळणबल, काढणे), स्नायूंच्या सक्रियतेच्या वर्गांची बेरीज किमान करणारे स्टॅटिक ऑप्टिमायझेशन (मोमेंट स्नायूंमध्ये वाटून देणे) आणि शेवटी जॉइंट रिअ‍ॅक्शन (सांध्यावरचा भार काढणे), असा नेहमीचा क्रम आहे. मार्कर आणि फोर्स प्लेट (पावलाखालचे बल मोजणारी पाटी) या दोन्हींच्या नोंदींना ६ हर्ट्झचा एकच लो-पास फिल्टर (वेगाने बदलणारा गोंगाट गाळणारा) लावला आहे.

अडचण अशी की पाऊल टेकलेले असण्याच्या काळात खुब्यावरच्या भाराची जी दोन शिखरे दिसतात, त्यांपैकी पहिले मला शरीराच्या वजनाच्या ३.१ पट मिळते, परंतु पाऊल उचलण्याआधीचे दुसरे शिखर काही व्यक्तींमध्ये ५.६ पटीपर्यंत जाते. बर्गमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये संवेदक बसवलेल्या सांध्यांची जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने चालताना सर्वोच्च भार सरासरी शरीराच्या वजनाच्या २३८ टक्के होता, जिना चढताना २५१ टक्के आणि उतरताना २६० टक्के. ती चारच रुग्णांची मोजमापे आहेत आणि सिम्युलेशनमधील आकडे सहसा त्यांहून वर येतात, हे मला मान्य आहे. तरीही सपाट जमिनीवर सावकाश चालणाऱ्या माणसाच्या खुब्यावर साडेपाच पट भार येतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

जे तपासले ते सांगते. मार्करच्या चुकांचे (नोंदलेला मार्कर आणि मॉडेलवरचा मार्कर यांतील अंतरांचे) वर्गमध्यमूळ २ सेंटिमीटरच्या आत आहे आणि कोणत्याही एका मार्करची चूक ४ सेंटिमीटरच्या वर जात नाही. स्नायू कमी पडल्यास पूरक बल देणारे राखीव अ‍ॅक्च्युएटर अगदी दुर्बळ ठेवले आहेत, त्यामुळे स्नायूंचे काम ते परस्पर करत असतील ही शक्यता नाही. जॉइंट रिअ‍ॅक्शनला स्टॅटिक ऑप्टिमायझेशनमधून आलेली बलांची फाइल दिलेली आहे. सुरुवातीला ती द्यायची माझ्याकडून राहिली होती आणि तेव्हा आलेले आकडे आणखी विचित्र होते, म्हणून नवख्यांनी हे आवर्जून पाहावे. गुडघ्यावरचा भार अपेक्षित मर्यादेत आहे.

चूक मोजमापात आहे, मॉडेलमध्ये आहे, की स्नायूंमध्ये भार वाटून देण्याच्या पद्धतीत, हे ओळखण्याचा काही शिस्तशीर मार्ग आहे का? आणि पुढचा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो : मूळ आकडाच इतका चुकत असेल, तर ऑफसेटच्या परिणामाबद्दल शल्यचिकित्सकांना काही सांगण्याचा मला अधिकार आहे का?

प्रतिसाद १

आपण माहिती व्यवस्थित दिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. सर्वप्रथम स्नायूंना पूर्णपणे बाजूला ठेवा आणि इन्व्हर्स डायनॅमिक्समधून आलेला खुब्याचा मोमेंट पाहा. सांध्यावरचा भार दोन टप्प्यांत तयार होतो : आधी जमिनीची प्रतिक्रिया आणि शरीराची हालचाल यांमधून मोमेंट ठरतो, मग तो मोमेंट पेलण्यासाठी कोणत्या स्नायूने किती ओढायचे हे ऑप्टिमायझेशन ठरवते. मोमेंटच अवाजवी असेल तर स्नायूंच्या बलमर्यादा किंवा कंडरांची लांबी बदलत बसण्यात महिने जातील आणि हाती काही लागणार नाही.

स्टॅटिक ऑप्टिमायझेशनवर संशय घेण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पद्धत परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडण्याची क्रिया जवळजवळ दाखवतच नाही, कारण तिच्या हिशेबात ती उधळपट्टी ठरते. वेदना असलेले रुग्ण मात्र सांधा स्थिर ठेवण्यासाठी नेमके तेच करतात. म्हणजे या पद्धतीचा हा दोष आकडा खाली ओढणारा आहे, आणि आपली तक्रार नेमकी उलट आहे.

फोर्स प्लेटची जागा किंवा दाबकेंद्र (जमिनीचे बल पावलाखाली जिथे लागते तो बिंदू) सरकलेले असते, तर तीच चूक घोट्याच्या आणि गुडघ्याच्या मोमेंटमध्येही उतरली असती. घोट्याचा मोमेंट पाहिला का, ते कळवावे. तो ठीक असेल आणि एकट्या खुब्याचा बिघडलेला असेल, तर दोष जमिनीपाशी नाही, खुब्यापाशी आहे. शिवाय ‘काही व्यक्तींमध्ये’ असे आपण लिहिले आहे. त्या व्यक्ती कोण, त्यांच्यात समान काय आहे, हे शोधा. माझ्या मते उत्तर तिथेच दडलेले आहे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मोमेंट काढून पाहिले. घोट्याचे आणि गुडघ्याचे मोमेंट सर्वांमध्ये अपेक्षेप्रमाणे आहेत. खुब्याचा मात्र पाऊल उचलण्याआधीचा, मांडी पुढे ओढणारा मोमेंट काही जणांमध्ये फार मोठा आहे, आणि त्याच व्यक्तींमध्ये टाच टेकल्यानंतरचा, मांडी मागे नेणारा मोमेंट नेहमीपेक्षा लहान आहे. ही जोडी माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. या सर्व व्यक्तींचे वजन जास्त आहे आणि चरबी प्रामुख्याने पोटावर आहे. सडपातळ व्यक्तींमध्ये दुसरे शिखर चार पटींच्या आतबाहेर राहते.

प्रतिसाद २

आपल्या ताज्या प्रतिसादावरून निदान बरेचसे स्पष्ट होते. गेट २३९२ मध्ये पेल्व्हिसचा मूळबिंदू दोन्ही एएसआयएसच्या मध्यावर आहे आणि खुब्याचे केंद्र तिथून सुमारे ७ सेंटिमीटर मागे, ६.६ सेंटिमीटर खाली व ८.३ सेंटिमीटर बाजूला धरलेले आहे. पोट मोठे असलेल्या व्यक्तीमध्ये एएसआयएसचा मार्कर हाडावर बसत नाही, तो हाडापुढच्या चरबीवर बसतो. समजा, तो खऱ्या टोकाच्या ३ सेंटिमीटर पुढे आहे. मॉडेलला हे ठाऊक नसते, म्हणून ते संपूर्ण पेल्व्हिस पुढे ओढते आणि त्याबरोबर खुब्याचे केंद्रही पुढे सरकते. आपण खोली पुढच्या-मागच्या मार्करवरून स्केल केल्यामुळे पेल्व्हिस फुगतो आणि केंद्र थोडे मागे जाते, परंतु त्याने सगळी चूक भरून निघत नाही. समजा, त्यानंतरही २ सेंटिमीटरची चूक उरते.

आता या २ सेंटिमीटरची किंमत पाहू. ७० किलो वजनाच्या व्यक्तीचा भार सुमारे ६८७ न्यूटन होतो. पाऊल उचलण्याआधी जमिनीची प्रतिक्रिया त्याच्या १.१ पट, म्हणजे ७५५ न्यूटन धरली, तर २ सेंटिमीटरच्या सरकण्याने खुब्याच्या मोमेंटमध्ये सुमारे १५ न्यूटन-मीटरची भर पडते. हा वाढीव मोमेंट प्रामुख्याने इलिओसोआसला (मांडी पुढे उचलणाऱ्या खोल स्नायूला) पेलावा लागतो. त्याचा तरफेचा हात (सांध्याच्या केंद्रापासून स्नायूच्या ओढीच्या रेषेपर्यंतचे अंतर) साडेतीन सेंटिमीटर धरला तर त्याला ४३० न्यूटन जास्त ओढावे लागते, आणि ते ओढणे जवळजवळ पूर्णपणे सांध्यावर दाब म्हणून उतरते. केवळ चरबीवर बसलेल्या मार्करमुळे शरीराच्या वजनाच्या ०.६ पट खोटा भार तयार झाला. अधिक वजनाच्या व्यक्तीत चरबीचा थरही जाड असतो, तेव्हा चूक आणखी वाढते. केंद्र पुढे गेल्यामुळे टाच टेकल्यानंतरचा मोमेंट लहान होणे हेही याच चित्रात बसते. आपल्याला दिसलेली जोडी हा माझ्या दृष्टीने सर्वांत बळकट पुरावा आहे.

उपाय सांगतो. आपले रुग्ण शस्त्रक्रियेसाठी आलेले असल्याने त्यांच्या पेल्व्हिसचे क्ष-किरण चित्र असणारच. त्यावरील विवर्धन दुरुस्त करून दोन्ही खुब्यांच्या केंद्रांमधील खरे अंतर घ्या आणि रुंदी त्यावरून स्केल करा. खोलीसाठी एएसआयएसचे मार्कर वापरणे थांबवा. चरबीच्या थराची जाडी अल्ट्रासाउंडने त्याच ठिकाणी मोजता येते, मात्र व्यक्तीला उभे करून मोजावी, कारण आडवे झाल्यावर पोटाची चरबी पसरते. तेवढ्या जाडीने मॉडेलवरील मार्कर पुढे सरकवा. हाड जागेवर राहू द्या, मार्कर हलवा. सीटी स्कॅन उपलब्ध असेल तर केंद्राची जागा थेट त्यावरून घ्यावी. पाय गोल फिरवून केंद्र शोधण्याची फंक्शनल पद्धत निरोगी व्यक्तींसाठी चांगली आहे, पण आपल्या रुग्णांचा सांधा आखडलेला असेल, म्हणून तिच्यावर मी भिस्त ठेवणार नाही.

धागाकर्ती

गेले काही दिवस याच दुरुस्तीत गेले. ज्यांचे क्ष-किरण चित्र आणि उभ्याने केलेले अल्ट्रासाउंड दोन्ही मिळाले, अशा व्यक्तींची मॉडेल नव्याने स्केल केली. ज्या व्यक्तीत ५.६ पट भार येत होता, तिच्यात दुसरे शिखर ४.२ वर आले आणि पहिले ३.१ वरून ३.३ वर गेले. एक खाली आणि दुसरे किंचित वर, हे पाहून मला खरोखर समाधान वाटले, कारण केवळ आकडा कमी करण्याची युक्ती असती तर दोन्ही खाली आले असते.

४.२ हा आकडाही मोजलेल्या भारापेक्षा जास्तच आहे. तो आणखी खाली आणण्यासाठी इलिओसोआसचा मार्ग बदलावा असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. ते करावे का? आणि ऑफसेटचा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

प्रतिसाद १

इलिओसोआसच्या मार्गाबद्दल : रुग्णांच्या एमआरआयवरून तरफेचा हात वेगळा आहे असे दिसत असेल, तर अवश्य बदला. पण २३८ टक्क्यांच्या जवळ जायचे म्हणून बदलू नका. आकडा जुळेपर्यंत मॉडेल वळवले, तर तीच मोजमापे पुन्हा पडताळणीसाठी दाखवता येत नाहीत, कारण ती आपण आधीच खर्च केलेली असतात. लेखात ४.२ तसाच लिहावा आणि त्यासोबत चालण्याचा वेगही द्यावा.

आता ऑफसेट. मोमेंटच्या आकड्यांवरून दिसते की आपली चूक पुढे-मागे होती, आणि तिचा फटका मुख्यतः दुसऱ्या शिखराला बसला. ऑफसेट बाजूच्या दिशेने काम करतो आणि त्याचा संबंध एका पायावर उभे असताना पेल्व्हिसला कलू न देणाऱ्या ग्लुटिअस मीडिअस व त्याच्या जोडीदारांशी आहे. जर्मन अस्थिशल्यचिकित्सक पाउवेल्सने मांडलेल्या तरफेचाच हा प्रश्न आहे. या स्नायूंचा तरफेचा हात ५ सेंटिमीटर आणि ऑफसेटमधील वाढ ५ मिलिमीटर धरली, तर त्याच मोमेंटसाठी लागणारे बल सुमारे ९ टक्क्यांनी घटते. ते बल शरीराच्या वजनाच्या दीडपट असेल तर घट ०.१४ पट होते. म्हणजे आपण ०.१४ शोधत होता आणि मॉडेलमध्ये त्याच्या चौपटीहून मोठी चूक बसलेली होती. म्हणून निष्कर्ष पहिल्या शिखरावरून काढावेत आणि प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःच्याच मूळ मॉडेलशी करावी. त्यात दोन्हीकडे सारखी असलेली चूक बरीचशी वजा होते, सगळी नव्हे. किती उरते हे पाहण्यासाठी खुब्याचे केंद्र आडव्या दिशेने ५ मिलिमीटर आत आणि ५ मिलिमीटर बाहेर सरकवून हीच तुलना पुन्हा चालवावी. ०.१४ हा फरक त्यातही टिकला, तर तो शल्यचिकित्सकांना सांगण्यास मी कचरणार नाही.

शेवटची बाब सहसा निसटते. मॉडेलमध्ये ऑफसेट वाढवला की स्नायूचे टोक बाहेर जाते आणि तो ताणलाही जातो. शस्त्रक्रियेनंतर लगेच ते खरे असते, पण काही महिन्यांनी स्नायू त्या लांबीशी जुळवून घेतो. म्हणून कंडरेची शिथिल लांबी मूळचीच ठेवून एकदा आणि नव्या लांबीनुसार ती बदलून एकदा, अशी दोन्ही सिम्युलेशन चालवावीत, आणि दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे द्यावीत.

धागाकर्ती

दोन्ही प्रकारची सिम्युलेशन आज रात्री लावते आहे. केंद्र आत-बाहेर सरकवूनही फरक टिकतो का, ते याच धाग्यावर लिहीन. ज्या रुग्णांचे उभ्याने केलेले अल्ट्रासाउंड नाही, त्यांना या विश्लेषणातून वगळण्याचे मी ठरवले आहे, आणि त्यांची संख्या व वगळण्याचे कारण लेखात स्पष्टपणे देईन.