मदत हवी आहे: बर्फात ठेवलेल्या बियांचं काय करू? (पॉपॉ, रॅम्प्स वगैरे)

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनला, ॲन आर्बरजवळ, झोन ६ (हिवाळ्याच्या थंडीवरून ठरवलेला लागवडीचा पट्टा). दरवर्षी मे महिन्यात टोमॅटो-मिरचीची पहिल्यापासून सुरुवात करायचा कंटाळा आला म्हणून यंदा ठरवलं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं खाता येईल असंच लावायचं. (अळूचे कंद दर ऑक्टोबरात उकरून बेसमेंटमध्ये न्यायचे, तो वैताग वेगळाच.)

तर यातल्या बऱ्याच बियांना ओलाव्यात दोन-तीन महिने थंडी दाखवावी लागते, नाहीतर उगवत नाहीत. फ्रीजमध्ये इडलीचं पीठ आणि खोवलेला नारळ, जागा कुठाय, म्हणून डिसेंबरात दुधाचे गॅलनवाले कॅन मधोमध कापले, हँडलकडची बाजू तशीच बिजागरीसारखी ठेवली, तळाला तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडली, चार इंच माती, बिया, वरून टेप, झाकण काढलेलं म्हणजे बर्फ-पाऊस आत जाईल, आणि नऊच्या नऊ डेकवर मांडले. लवेज (सेलरीच्या चवीचा पाला), गुड किंग हेन्री (आपल्या चाकवताच्या भाऊबंदांपैकी), रॅम्प्स म्हणजे इथला जंगली लसूण, आणि पॉपॉ.

खरा घोळ पॉपॉचा. हे सीताफळाच्याच कुळातलं, इथे पॉ पॉ नावाचं गावसुद्धा आहे. सप्टेंबरात शेजाऱ्यांनी फळं दिली, बी अगदी सीताफळाच्या बीसारखी पण चांगली बोटाच्या पेराएवढी, चपटी, चकचकीत. मी धुऊन ओल्या पेपर टॉवेलमध्ये ठेवल्या. आई तेव्हा इथे होती, ती सासवडची, सीताफळाच्या बिया तिला मी काय शिकवणार! "ओल्या राहिल्या तर बुरशी येईल गं" म्हणून तिने त्यातल्या अर्ध्या बिया ताटात पसरून आठवडाभर उन्हात कडकडीत वाळवल्या आणि पुडी बांधून दिली. मी दोन्ही एकत्रच पेरल्या आणि आता वाचतेय की पॉपॉची बी वाळली की मेली!!

प्रश्न:
१) पॉपॉ जून-जुलैशिवाय वर येत नाही म्हणे. तोवर वाट बघू का उकरून बघू?
२) गेल्या आठवड्यात चार दिवस ११ डिग्री सेल्सियस होतं, कॅनमध्ये वाफ धरली, गुड किंग हेन्रीत दोन हिरवे ठिपके दिसले आणि काल रात्री उणे १७. थंडीची मोजणी परत शून्यापासून का?
३) रॅम्प्सचं बी नोव्हेंबरात ऑनलाइन मागवलं, वाळकंच आलं. गेलं का ते?

-----

प्रतिसाद: उकरू नका. चार दिवसांनी मोजणी पुसली जात नाही, ते दोन ठिपके गेले तर गेले, बाकीचं बी आहे ना. पण कॅन दक्षिणेच्या उन्हात असतील तर घराच्या उत्तरेला न्या. मला वाळण्यापेक्षा दुसरीच काळजी वाटते. पॉपॉचं बी कडक गोठलं तरी मरतं. जमिनीत वर पाला आणि बर्फाची गोधडी असते, डेकवरच्या कॅनला खालून-बाजूने सगळीकडून गारठा लागतो. तेवढे कॅन आजच जमिनीवर भिंतीलगत ठेवून पाल्यात गळ्यापर्यंत दाबा, किंवा हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवा, फक्त माती सुकू देऊ नका. रॅम्प्सला आधी ऊब लागते, त्यात मूळ फुटतं, मग थंडी, मग पान. तुम्ही थेट थंडीत घातलंत, म्हणजे यंदा उन्हाळ्यात मूळ आणि पान पुढच्या वसंतात. कॅन रिकामा समजून ओतून देऊ नका, माझ्या घरी तसंच झालं होतं.

-----

धागाकर्ती: आत्ताच हलवले, धन्यवाद! दोन कॅन डेकला गोठून चिकटले होते, कोमट पाणी ओतून सोडवले. मार्करची नावं पण उडालीयेत तिघांवरची, रॅम्प्सचा कुठला ते वासावरून कळेल तेव्हा कळेल. मगाशी आईचा फोन आला होता, विचारत होती, उगवलं का गं काही? म्हटलं, अजून बर्फ आहे.