प्रति: नवे स्पीकर बसवूनही बास येईना
गाडीच्या दारात नवे स्पीकर बसवूनही बास (खालचे, घुमणारे सूर) येत नाही म्हणून लगेच सबवूफर (फक्त बाससाठीचा मोठा स्पीकर) घ्यायची घाई नको. आधी एखाद्या स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या नाहीत ना, ते बघा. तसं झालं की एका स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बास मधल्या मध्ये विरतो. स्टिरिओपासून वायरी सोडवून त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. (ट्वीटरवर, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर, हा प्रयोग नको.)

माझ्या वायरी बरोबर निघाल्या, पण स्पीकरची रिंग आणि दाराचा पत्रा यांच्यात बोट जाईल एवढी फट होती, बास तिथेच विरत होता! फोमची पट्टी लावली, पत्र्याची मोठी भोकं चिकट रबरी ब्यूटिल शीटने बुजवली, तेव्हा कुठे ढोलकी ढोलकीसारखी वाजली. अ‍ॅम्प्लिफायरचं नंतर बघू.