शास्त्रज्ञ सजीवांचं एवढं वर्गीकरण कशासाठी करतात?

गंगापूररोडकर: पोरगी अकरावी सायन्सला आहे, सध्या सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल असं सगळं पाठ करणं चालूय. ती विचारते की वनस्पती आणि प्राणी एवढे दोन गट पुरले नसते का, आणि वरून नावं पण बदलत राहतात मग उपयोग काय? मी कॉमर्सचा, कोणी नीट समजावेल का?

निफाडचा बागायतदार: दादा तिला सुट्टीत आमच्या बागेत आणा. द्राक्षावर भुरी येते आणि डाऊनी येते, दोन्ही रोगांना लोक सरसकट बुरशीच म्हणतात. भुरी म्हणजे पानावर राखेसारखी पावडर, डाऊनीत पानावर पिवळे तेलकट डाग आणि पान उलटं केलं की बरोबर त्या डागाखाली पांढरी लव. नवखा माणूस पांढरं बघून एकच औषध मारतो आणि तिथेच फसतो, कारण गंधक भुरीवर चालतं पण डाऊनी हलत नाही, हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकाचंही तेच, आणि छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर बघता बघता घड हातचे जातात.

बायोवाल्या मॅडम: दादांनी मुद्द्यालाच हात घातला. भुरी खरी बुरशी आहे, डाऊनी बुरशी नाहीच! ती ऊमायसिट गटातली, नात्याने समुद्रातल्या तपकिरी शैवालाच्या जवळची. हेक्झाकोनॅझोल बुरशीला अर्गोस्टेरॉल, म्हणजे तिच्या पेशीच्या पटलाला लागणारा पदार्थ, बनवू देत नाही, डाऊनी ते मुळात बनवतच नाही, मग औषध काम करणार कशावर? तिच्या बीजाणूंना शेपट्या असतात, पानावरच्या पाण्यात पोहत जाऊन आत शिरतात, म्हणून पाऊस आणि दव पडलं की ती बोकाळते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्या करप्याने बटाटा संपवला तोही याच गोतावळ्यातला, म्हणून मेटॅलॅक्सिल हे औषध दोन्हीकडे वापरतात.

नावांचं म्हणाल तर लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये मांडणी केली तेव्हा हाताशी फक्त रूप आणि रचना होती. व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९६९ च्या पाच सृष्टींतसुद्धा ऊमायसिट बुरशीतच बसवलेले होते, नंतर डीएनए वाचता आला तेव्हा नातं पक्कं कळलं आणि त्यांना वेगळं काढलं. मुलीला सांगा, पाठ करायच्या आधी कोण कोणाचं नातेवाईक ते बघ, मग नाव आपोआप लक्षात राहतं.

गंगापूररोडकर: खूप आभार दोघांचे, आजच वाचून दाखवतो. मग खरी बुरशी तरी वनस्पतीच्या जवळची ना?

बायोवाल्या मॅडम: नाही, ती प्राण्यांच्या जवळची. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं आणि झुरळाच्या कवचातही तेच, शिवाय वनस्पती स्टार्च साठवतात पण बुरशी आपल्यासारखंच ग्लायकोजेन साठवते.