‘घटका भरली’ म्हणजे नेमके काय भरले?

प्रश्न : माजघर

गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नात गुरुजींनी बोहल्याच्या बाजूला पाण्याने भरलेले पितळी घंगाळ ठेवून त्यात तांब्याची एक लहान वाटी सोडली, तिला हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या, आणि पुढे मुहूर्ताची वेळ मात्र स्वतःच्या मोबाइलवर पाहिली. मंगलाष्टके सुरू झाल्यावर त्या वाटीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मी नेमका घंगाळाशेजारी उभा असल्यामुळे मला दिसले, की तळाच्या बारीक भोकातून पाणी चढत चढत काठाला टेकले, वाटी क्षणभर कलली आणि ‘डुबुक’ असा आवाज करून तळाशी गेली. शेजारच्या खुर्चीवर बसलेली आजी सहज म्हणून गेली, ‘भरली बघ घटका.’ आणि लगेच तिने जीभ चावली, कारण लग्नमंडपात हे शब्द उच्चारायचे नसतात असे तिला वाटले.

तेव्हापासून माझ्या मनात दोन शंका आहेत. ‘लग्नघटिका’ हा शब्द आपण आनंदाने पत्रिकेवर छापतो, मग ‘त्याची घटका भरली’ हे मरणाविषयी का बोलले जाते? आणि पंचांगातली घटका चोवीस मिनिटांची असेल, तर ‘घटकाभर टेका’ असे पाहुण्याला म्हणताना आपण त्याला चोवीस मिनिटेच देत असतो का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : पळविपळे

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राचे साठ भाग केले की एक भाग ही घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. तिचा साठावा भाग पळ, म्हणजे चोवीस सेकंद. आणि पळाचा साठावा भाग विपळ. दोन घटकांचा एक मुहूर्त, अडीच घटकांचा आपला एक तास आणि साडेसात घटकांचा एक प्रहर. पंचांगात तिथीपुढे ‘घ. २० प. ३०’ असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ ती तिथी सूर्योदयानंतर साडेवीस घटकांनी, म्हणजे आठ तास बारा मिनिटांनी संपते. सूर्योदय साडेसहाचा असेल तर दुपारचे दोन वाजून बेचाळीस मिनिटे.

‘घटकाभर टेका’ याचा मात्र या हिशेबाशी काही संबंध नाही. ‘घटकाभर’ हा शब्द बोलणाऱ्याच्या आग्रहाने मोजायचा असतो; आमच्या आत्याच्या घरी त्याचा अर्थ चहा, नंतर पोहे आणि निघता निघता उंबऱ्यात उभे राहून आणखी अर्धा तास असा होतो. ‘पळभर’ आणि ‘घटकाभर’ यांतला लहानमोठेपणा तेवढा बोलण्यात शिल्लक राहिला आहे: पळभर थांबणारा माणूस चपला काढत नाही, घटकाभर थांबणारा काढतो.

एक खबरदारी सुचवतो. ‘संसाराची घडी बसली’ किंवा ‘घडी विस्कटली’ यांतली घडी कापडाची आहे, काळाची नव्हे. ‘घडोघडी’ आणि ‘घडीभर’ यांतली घडी तेवढी घटकेची.

उत्तर : ऐलतीर

पहिल्या शंकेचे उत्तर आपण स्वतःच प्रश्नात लिहून ठेवले आहे. आपण जी वाटी बुडताना पाहिली तिचेच नाव घटिका. घट म्हणजे घडा आणि घटी किंवा घटिका म्हणजे लहान घडा. ते भांडे एकदा भरून बुडायला जितका वेळ लागतो त्या वेळाला भांड्याचेच नाव मिळाले. म्हणून ‘घटका भरली’ हे मुळात अलंकारिक बोलणे नसून अगदी डोळ्यांसमोरचे वर्णन होते: वाटी भरली, नेमून दिलेला वेळ संपला. लग्नात तो वेळ संपण्याची सगळे वाट पाहत असतात आणि आजाऱ्याच्या उशाशी तो संपू नये असे सगळ्यांना वाटते. वाक्प्रचार एकच आहे, फक्त तो कोणाच्या अंगणात उच्चारला जातो यावर त्याचा शुभाशुभपणा ठरतो. ‘शेवटच्या घटका मोजणे’ यातसुद्धा मोजणारा कोणी तरी पाण्याशेजारी बसला आहे हे चित्र लपलेले आहे. ‘पापाचा घडा भरला’ हा वाक्प्रचार याच्या जवळचा वाटतो, पण त्यात वेळेचे माप नाही, अपराधांचा साठा आहे. तो शिशुपालाच्या शंभर अपराधांच्या बाजूचा.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे घटकेला हुसकावून लावणारा ‘तास’ हा शब्दही भांड्याचाच आहे. फारसीत ‘तास’ म्हणजे वाडगा किंवा पसरट पात्र; मराठीत तो आधी घटका भरल्यावर ठोकायच्या धातूच्या थाळीला लागला आणि त्या ठोक्यांवरून साठ मिनिटांना. पाण्यातल्या वाटीवर नजर ठेवून थाळी वाजवणारे घडियाळी हिंदुस्थानातल्या शहरांत नेमलेले असत असे बाबराने आपल्या आठवणींत लिहिले आहे, आणि रात्री जागे झालेल्या माणसाला नुसत्या घटकेच्या ठोक्यांवरून कोणता प्रहर चालू आहे हे कळत नसल्यामुळे घटकेनंतर प्रहराचेही ठोके द्यावेत, अशी सुधारणा त्याने केल्याचेही तो सांगतो. ‘घड्याळ’ हा शब्द घटकेच्याच कुळातला. मनगटावर आता भांडे नाही आणि पाणीही नाही, नाव तेवढे उरले आहे.

उत्तर : घंगाळ

आमच्याकडे पणजोबांच्या वेळचे घटिकापात्र आहे. वरील चर्चा वाचून ते माळ्यावरून काढले आणि बादलीत सोडून मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या खेपेला ते बुडायला एकतीस मिनिटे लागली. मग लक्षात आले की भोकाच्या कडेला हिरवा कळंक साचला आहे. चिंच आणि मीठ लावून ते घासले, भोकात काहीही न खुपसता नुसते धुऊन घेतले, आणि नंतरच्या तिन्ही खेपांना ते तेवीस ते साडेतेवीस मिनिटांत बुडाले. बादलीऐवजी परातीत सोडले असते तर ते तळाला टेकून बसले असते, म्हणून पाणी खोल हवे हेही कळले.

या अनुभवानंतर सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथातले वर्णन वेगळ्या नजरेने वाचता येते. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र कुंडातल्या निर्मळ पाण्यात ठेवले असता ते अहोरात्रात साठ वेळा बुडते, असे तिथे म्हटले आहे. त्यातला ‘निर्मळ’ हा शब्द मी आजवर पावित्र्याच्या अर्थाने घेत होतो. आता वाटते की तो भोक तुंबू नये म्हणून दिलेला सरळ व्यवहारी सल्ला आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) आणखी शहाणपणा दाखवला. पात्र नेमक्या वजनाचे आणि भोक नेमक्या सुईचे असावे अशा अटींत न अडकता त्यांनी सांगितले, की पात्र दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. जे येईल ते तुमच्या पात्राचे माप. माझे पात्र त्या हिशेबाने दिवसाला एकसष्ट-बासष्ट वेळा बुडेल, आणि तेवढे कळले की ते निरुपयोगी राहत नाही.

भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नात तिच्या अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळून गेला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. मात्र ज्याने ती रचली त्याने घटिकापात्र जवळून पाहिले असणार, कारण या यंत्राचा खरा दुबळेपणा तिने अचूक पकडला आहे.

उत्तर : उत्तररात्र

लग्नाविषयी एक पुरवणी जोडतो. ‘लग्न’ हा शब्दच मुळात वेळेचा आहे. पूर्व क्षितिजावर ज्या वेळी जी रास उगवत असते ती त्या वेळचे लग्न. बारा राशी साठ घटकांत उगवतात, म्हणजे एका राशीला सरासरी पाच घटका मिळतात. योग्य रास उगवत असताना करायचा विधी म्हणून विवाहाला लग्न म्हणू लागलो. त्यासाठी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला पात्र पाण्यात सोडायचे, प्रत्येक वेळी बुडाले की रिकामे करून पुन्हा सोडायचे आणि किती वेळा बुडाले याची खूण ठेवायची, असे काम एका माणसाला नेमून दिलेले असे. आपल्या गुरुजींनी मोबाइल पाहिला म्हणून त्यांना हसू नये. घटका मोजायला बसलेल्या माणसाला अंतरपाटापलीकडचे काहीच पाहायला मिळत नसे, आणि डुलकी लागली तर दोष त्याच्याच माथी येत असे.

इतिहासाच्या कागदांत घटका कळल्याशिवाय तारीखही कळत नाही. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार नोंदींत, शिवाजी महाराजांच्या सिंहासनारोहणाची नोंद शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी असून तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले असे तिच्यात म्हटले आहे. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटे. इंग्रजी हिशेबाने मध्यरात्रीनंतर वार बदलून शनिवार, ६ जून १६७४ लागला होता. आपला वार सूर्योदयाला बदलत असल्यामुळे शकावलीकाराला तो अजून शुक्रवारच होता. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, आणि ही तफावत ‘तीन घटका रात्र उरली’ या चार शब्दांनीच मिटते.

आणखी एक. पंचांगातल्या घटका त्या त्या गावच्या सूर्योदयापासून मोजायच्या असतात. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचे अंतर आहे आणि सहा अंशांना बरोबर एक घटका पडते. ऋतुमानाचा फरक सोडला, तर नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे एक घटका आधी उगवतो. पुण्यामुंबईचे पंचांग नागपुरात वापरताना घटका तशाच उचलल्या तर तिथी चुकते, ती याचमुळे.

माजघर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘ऐलतीर’ यांचे उत्तर आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, की तिच्या माहेरी पात्र बुडाले की ‘भरली’ म्हणत नसत, ‘पुरी झाली’ म्हणत, आणि मोजणाऱ्या काकांना जेवणाच्या पहिल्या पंगतीत बसवत, कारण ते सकाळपासून उपाशी असत. ‘घंगाळ’ यांना एक विचारायचे आहे: आपल्या पात्राच्या आतल्या बाजूला अर्धी आणि पाव घटका दाखवणाऱ्या रेघा आहेत का? मी पाहिलेल्या वाटीत दोन रेघा असल्यासारखे वाटले, पण पाणी चढल्यावर त्या नीट दिसल्या नाहीत.

घंगाळ

एक रेघ आहे, अर्ध्या उंचीच्या बरीच खाली. आज रात्री पुन्हा बादली भरतो आणि पाणी तिला किती मिनिटांत टेकते ते उद्या लिहितो.